नाशिकमध्ये स्पोर्ट्‌स कार पुन्हा रंगवून घेताना: खर्च, दर्जा आणि कामाचा क्रम

स्पोर्ट्‌स कार पुन्हा रंगवायची म्हटले की पहिला प्रश्न "किती लागतील?" हाच असतो. नाशिकमध्ये चार ठिकाणी विचारल्यास त्याचे उत्तर चाळीस हजारांपासून सहा लाखांपर्यंत कुठेही जाते. नवख्या मालकाला वाटते की महाग सांगणारा लुबाडतो आहे किंवा स्वस्त सांगणारा हलका रंग वापरतो आहे. प्रत्यक्षात दोघेही एकाच कंपनीचा, एकाच कोडचा रंग वापरत असतील अशी शक्यता बरीच असते. किमतीतला फरक पडतो तो रंगाचा पहिला थर गाडीवर बसण्यापूर्वी झालेल्या, किंवा न झालेल्या, कामामुळे. हे काम शेवटी रंगाखाली झाकले जाते आणि ताबा घेताना दिसत नाही. म्हणून ते आधी विचारून, लिहून आणि मधल्या टप्प्यावर डोळ्यांनी पाहून घ्यावे लागते. पुढील पायऱ्या त्याच हिशेबाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: रंगवायची खरोखर गरज आहे का?

कारखान्यातून आलेल्या गाडीवर सर्वांत खाली विद्युत पद्धतीने बसवलेला गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर म्हणजे रंग धरून ठेवणारे अस्तर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो, ज्याला गॅरेजमध्ये लॅकरही म्हणतात. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण ९० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. आपल्याला दिसणारे बहुतेक ओरखडे, धुण्याच्या फडक्याने पडलेली जाळी आणि निस्तेजपणा हे या क्लिअर कोटमध्येच असते. नख फिरवल्यावर अडकत नाही असा ओरखडा यंत्राच्या पॉलिशने निघतो किंवा पुष्कळ फिका होतो, आणि त्याचा खर्च रंगकामाच्या एका छोट्या हिश्श्याइतका असतो. मात्र प्रत्येक मोठ्या पॉलिशमध्ये क्लिअरचे काही मायक्रॉन कमी होतात, त्यामुळे हा उपाय दरवर्षी करण्याचा नव्हे.

क्लिअर कोट पांढरट होऊन पापुद्र्यासारखा सुटत असेल, तर पॉलिशचा काही उपयोग नाही. तो पत्रा रंगवावाच लागतो. नाकाडावर खडी लागून पडलेले ठिपके, जे मुंबई–आग्रा महामार्गावर आणि कसारा घाटात ट्रकच्या मागे चालणाऱ्या प्रत्येक बुटक्या गाडीला मिळतात, ते थोडे असतील तर टच-अपने भागते; बंपर आणि बॉनेट भरून गेले असतील तर तेवढेच दोन भाग रंगवावेत. रंग न तुटता पडलेला पोचा मागून दाबून काढता येतो, त्याला रंग लागतच नाही.

येथे एक मत स्पष्टपणे मांडतो. संग्राह्य म्हणून किंमत टिकवणाऱ्या गाडीवर कारखान्याचा मूळ रंग शिल्लक असेल, तर त्यावरचे लहानसहान दोष सहन करावेत. विकत घेणारा जाणकार गिऱ्हाईक जाडी मोजण्याचे यंत्र घेऊनच येतो, आणि उत्तम रंगवलेल्या गाडीपेक्षा किंचित डागाळलेला मूळ रंग त्याला अधिक भरवशाचा वाटतो, कारण नव्या रंगाखाली काय दडले आहे हे त्याला ठाऊक नसते.

दुसरी पायरी: गाडी मोजून घ्या आणि पत्रा कशाचा आहे ते जाणून घ्या

रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र काही हजारांत मिळते आणि चांगल्या डिटेलिंगच्या दुकानात ते असतेच. गाडी स्वच्छ धुऊन प्रत्येक भागावर पाच-सहा ठिकाणी मोजावे आणि आकडे कागदावर लिहावेत. सगळीकडे १०० ते १४० येत असेल आणि एका दारावर २५० येत असेल, तर ते दार पूर्वी रंगवलेले आहे. ७०० किंवा हजारच्या पुढे आकडा गेला तर त्याखाली पुट्टी आहे. दोनदा-तीनदा रंगवलेल्या जाड थरावर आणखी थर चढवले तर पुढे तडे जाण्याची शक्यता वाढते, म्हणून अशा ठिकाणी जुना रंग उतरवण्याचा खर्च धरावाच लागतो. ही मोजणी आपण आधीच केलेली असेल, तर अंदाजपत्रक देणाऱ्याशी बोलताना आपली बाजू वेगळ्याच पातळीवर जाते.

साध्या गाड्यांत बहुतेक सगळा पत्रा पोलादी असतो. स्पोर्ट्‌स कारमध्ये तसे गृहीत धरता येत नाही. पोर्शे ९११ च्या ९९२ या पिढीत पुढचा-मागचा बंपर वगळता बाहेरचे भाग ॲल्युमिनियमचे आहेत. भारतात विकल्या गेलेल्या फोर्ड मस्टँगमध्ये बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे, बाकी बरेचसे पोलादी आहे. आपल्याकडची डीसी अवंती संमिश्र तंतूच्या अंगाची आहे आणि गोव्यात तयार झालेली छोटी सॅन स्टॉर्म फायबर ग्लासची. लोहचुंबकीय पद्धतीचेच यंत्र असेल तर ॲल्युमिनियमवर ते आकडाच दाखवत नाही, त्यासाठी दोन्ही धातूंवर चालणारे यंत्र लागते. फायबरवर ही दोन्ही यंत्रे निरुपयोगी ठरतात आणि अल्ट्रासॉनिक यंत्र लागते.

पत्र्याच्या जातीवरून कामाची पद्धत बदलते. ॲल्युमिनियम घासण्यासाठी पोलादावर वापरलेला पेपर आणि डिस्क वापरू नये, कारण लोखंडाचे कण त्यात रुतून पुढे रंगाखाली क्षरण सुरू होते. शिवाय उघड्या ॲल्युमिनियमवर त्याच दिवशी योग्य प्रायमर बसला पाहिजे. फायबरवर रंग उतरवण्याचे रसायन लावले तर ते अंगातच मुरते. तेथे हातानेच घासावे लागते आणि बारीक छिद्रे भरत बसावे लागते. बंपरच्या प्लॅस्टिकला रंग धरण्यासाठी वेगळा ॲढीजन प्रमोटर आणि लवचीकपणासाठी वेगळे मिश्रण लागते. "आमच्याकडे सगळ्याला एकच प्रायमर चालतो" असे उत्तर मिळाले तर नमस्कार करून बाहेर पडावे.

तिसरी पायरी: कोणता रंग, आणि किती भाग

रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, बहुधा दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली. कोड सापडला म्हणजे रंग जुळला असे मात्र नाही. एकाच कोडच्या रंगाच्या कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपांत थोडा फरक असतो, आणि आपली गाडी काही उन्हाळे उन्हात उभी राहिलेली असते. रंग तयार करणाऱ्या मोठ्या कंपन्या म्हणूनच एका कोडची अनेक उपरूपे ठेवतात आणि चांगले दुकान रंगमापक यंत्राने किंवा नमुन्याच्या पट्ट्यांनी त्यातले जवळचे निवडते.

साधा सपाट रंग, म्हणजे पांढरा किंवा लाल, सर्वांत सोपा आणि स्वस्त. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते कसे आडवे बसतात यावर छटा ठरते, आणि ते फवारणीच्या बंदुकीच्या दाबावर, अंतरावर व हाताच्या वेगावर अवलंबून असते. म्हणून चंदेरी रंगाचे एक दार रंगवताना शेजारच्या फेंडरवर आणि मागच्या भागावर रंग विरत नेऊन त्या संपूर्ण भागांवर क्लिअर मारावा लागतो. एका दारासाठी तीन भागांचे काम करावे लागते ते यामुळे, आणि "एकच दार करून देतो" म्हणणाऱ्याकडे उन्हात उभे राहिल्यावर दार वेगळे दिसते तेही यामुळेच. पर्ल आणि तीन थरांचे रंग, उदाहरणार्थ माझ्दाचा सोल रेड क्रिस्टल, आणखी अवघड. मधल्या अर्धपारदर्शक थराचा एक हात कमी-जास्त झाला तरी छटा बदलते. मॅट रंग तर पॉलिश करता येत नाही आणि मध्येच विरवताही येत नाही. एक ओरखडा आला की पूर्ण भाग पुन्हा रंगवायचा. पहिल्यांदाच काम करून घेणाऱ्याने मॅटच्या मोहात पडू नये असे मला वाटते.

मूळ रंग ठेवायचा की बदलायचा, या निर्णयाने खर्चाचा आकडा सर्वांत जास्त हलतो. रंग बदलायचा तर दारांच्या आतल्या कडा, बॉनेटची आतली बाजू, डिकीचा काठ, इंधनाचे झाकण हे सगळे उघडून रंगवावे लागते, नाहीतर दार उघडताच जुना रंग डोळा मारतो. शिवाय गाडीचा रंग नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेला असतो आणि गाडीतील बदलांबाबत मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये कलम ५२ आहे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात जाऊन नोंद बदलण्याची प्रक्रिया समजून घ्यावी, गाडीवर कर्ज असेल तर बँकेलाही विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. सध्या लोकप्रिय असलेल्या लष्करी हिरव्याची हौस असेल तर आवरती घ्यावी; केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण दलाच्या वाहनांसाठी राखीव आहे.

चौथी पायरी: गॅरेज निवडणे

नाशिकमध्ये पर्याय तीन प्रकारचे आहेत. पहिला, कंपनीचे अधिकृत केंद्र, जे काही ब्रँडचे शहरात आहे आणि काहींसाठी मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. दुसरा, स्वतःचा बूथ, म्हणजे रंग फवारण्याची धूळमुक्त बंद खोली, असलेले स्वतंत्र बॉडी शॉप. तिसरा, मुंबई नाका, द्वारका आणि अंबड-सातपूरच्या आसपास पसरलेली डेंटिंग-पेंटिंगची छोटी गॅरेजेस. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे शहरात फवारणीचा हात बसलेले कारागीर भरपूर आहेत ही नाशिकची जमेची बाजू आहे. पण यंत्राच्या कव्हरवर गुळगुळीत पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारणे आणि मेटॅलिकची छटा शेजारच्या पत्र्याशी जुळवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हे लक्षात ठेवून निवड करावी.

मुंबईला न्यायचे ठरले तर साधारण १७० किलोमीटर आणि पुण्याला साधारण २१० किलोमीटर अंतर होते. जमिनीला टेकलेली गाडी सपाट तळाच्या वाहनावरूनच न्यावी आणि जाण्या-येण्याचा तो खर्च तुलनेत धरावा. ताजी रंगवलेली गाडी घाटातून चालवत आणली तर पहिली खडी इगतपुरीच्या आधीच लागायची.

गॅरेज पाहायला जाताना कामाच्या दिवशी, शक्यतो न कळवता जावे. बंद बूथ आहे का, त्याच्या छतातले आणि तळातले फिल्टर शेवटचे कधी बदलले, बूथ गरम करण्याची सोय चालू आहे का, हे विचारावे. कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी आणि तेल अडवणारा फिल्टर व ड्रायर असलाच पाहिजे. पुट्टी घासण्याची जागा बूथपासून वेगळी आहे का ते पाहावे. रंगारी क्लिअर मारताना काय घालतो हे पाहणे तर मी सर्वांत महत्त्वाचे मानतो. टू-के, म्हणजे मारण्यापूर्वी हार्डनर मिसळावा लागणाऱ्या दोन घटकांच्या, रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, जे श्वासावाटे गेल्यास दम्यासारखा कायमचा आजार होऊ शकतो. त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा किंवा किमान योग्य फिल्टरचा मास्क लागतो. ज्या गॅरेजात रंगारी तोंडाला रुमाल बांधून क्लिअर मारतो, तेथे मालक माणसावर खर्च करत नाही. तो आपल्या गाडीच्या रंगाखालच्या प्रायमरवर करील याची खात्री कोणी द्यावी?

शेवटी, सहा महिने ते वर्षभरापूर्वी रंगवलेली एखादी गाडी दाखवायला सांगावी. नुकतीच पॉलिश होऊन उभी असलेली गाडी सगळ्यांचीच चांगली दिसते.

पाचवी पायरी: अंदाजपत्रक आणि खर्चाचे गणित

आकडे ढोबळच देता येतात, कारण गाडी आणि अवस्था यांवर ते फार बदलतात. संपूर्ण गाडी बाहेरून घासून, दिवे-काचा झाकून, साध्या साहित्यात रंगवणे साधारण चाळीस ते ऐंशी हजारांत होते. बूथमध्ये, नामांकित कंपनीच्या टू-के साहित्यात, बरेचसे भाग सोडवून केलेले काम दीड ते तीन लाखांच्या आसपास जाते. जुना रंग उतरवून, सगळे सुटे करून, तीन थरांचा रंग आणि शेवटची बारीक घासणी-पॉलिश यांसह केलेले काम चार-सहा लाखांवर, आणि कंपनीच्या केंद्रात त्याहूनही वर जाऊ शकते. वस्तू व सेवा कर यात आहे की वेगळा, हे पहिल्याच भेटीत विचारावे.

अशा कामात रंगाच्या डब्यापेक्षा मजुरी मोठी असते. सुटे भाग काढणे-बसवणे, पुट्टी भरून ठोकळ्याने घासणे, प्रायमर, पुन्हा घासणे, झाकणे, बूथचा वेळ आणि शेवटची पॉलिश मिळून पूर्ण गाडीला शंभराहून अधिक तास सहज लागतात. निम्म्या किमतीत काम करणाऱ्याला हे तास कुठूनतरी कमी करावेच लागतात. दाराचे हँडल न काढता भोवती टेप लावला की काही तास वाचतात. वर्षभरात त्याच टेपच्या रेषेवरून क्लिअर उचलू लागतो.

म्हणून अंदाजपत्रकात एकरकमी आकडा न घेता पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणते भाग सोडवले जातील आणि कोणते झाकले जातील, कोठे जुना रंग उतरवला जाईल, प्रायमर, बेस आणि क्लिअर कोणत्या कंपनीचे व कोणत्या मालिकेचे, क्लिअरचे किती हात, रबर, क्लिप आणि बिल्ले नवे की जुनेच, शेवटची घासणी-पॉलिश धरलेली आहे की वेगळी, आणि हमी किती काळाची, कशाकशाची. स्पीस हेकर, स्टँडॉक्स, ग्लासुरिट, सिक्केन्स, पीपीजी, नेरोलॅक, निप्पॉन ही नावे आपल्याकडे दिसतात. पण प्रत्येक कंपनीचे महाग आणि स्वस्त असे दोन्ही प्रकारचे क्लिअर असतात, त्यामुळे नुसत्या नावावर समाधान मानू नये. आणखी एक: प्रायमर एका कंपनीचा, क्लिअर दुसऱ्याचा आणि हार्डनर मिळेल तो, अशी खिचडी झाली की दोष निघाल्यावर कोणीच जबाबदारी घेत नाही. शक्यतो संपूर्ण साखळी एकाच कंपनीची असावी.

अपघातामुळे रंगकाम असेल तर विम्याचा हिशेब समजून घ्यावा. झिरो डेप्रिसिएशनची (घसारा न कापण्याची) जोड नसलेल्या पॉलिसीत रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि रंगकामाचे बिल एकत्रित असेल तर त्यातील २५ टक्के साहित्य मानले जाते. म्हणजे एक लाखाच्या एकत्रित रंगकामात पंचवीस हजार साहित्य धरून त्यातले साडेबारा हजार आपल्या खिशातून जातात. याशिवाय प्लॅस्टिक व रबरी भागांवर ५० टक्के आणि फायबर ग्लासच्या भागांवर ३० टक्के घसारा असतो, जो स्पोर्ट्‌स कारमध्ये चांगलाच जाणवतो. एखाद-दुसऱ्या भागाच्या कामासाठी दावा करण्यापूर्वी नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती जाईल तेही मांडून पाहावे; तो २० ते ५० टक्क्यांपर्यंत असतो आणि महागड्या गाडीच्या हप्त्यात ती रक्कम रंगकामाहून मोठी निघू शकते.

सहावी पायरी: हंगाम

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, शक्यतो काम काढू नये. हार्डनर हवेतील ओलाव्याशी अभिक्रिया करतो, त्यातून बारीक बुडबुडे आणि निस्तेजपणा येतो. पुट्टी आणि उघडा पत्रा ओल धरतो आणि महिन्यांनी फोड उठतात. गरम, कोरडी हवा देणारा बूथ असेल तर धोका कमी होतो. पण घासण्याचे काम बूथबाहेरच होते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचे किमान तापमान कधीकधी दहा अंशांच्या खाली येते. अशा वेळी न तापवलेल्या जागेत क्लिअर नीट वाळत नाही आणि जास्त वेळ ओला राहिल्याने धूळ ओढून घेतो. एप्रिल-मेमध्ये उलट तो इतक्या लवकर सुकतो की पसरायला वेळच मिळत नाही. कारागीर यासाठी हळू किंवा जलद हार्डनर बदलतात, आणि कोणता वापरणार हे विचारले की समोरच्याची जाण कळते.

हवामानाच्या दृष्टीने ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे काळ उत्तम. पण दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस टाळावेत. त्या काळात प्रत्येकाला गाडी पूजेला हवी असते आणि गॅरेजवाला नाही म्हणत नाही. घाईत कमी होतो तो प्रायमर वाळण्याचा वेळ. दिवाळी उलटल्यावर गाडी आत घालावी आणि मुदत सैल ठेवावी. पूर्ण गाडीला तीन ते सहा आठवडे हा वाजवी काळ आहे. "पाच दिवसांत देतो" हे आश्वासन ऐकून आनंद मानू नये.

सातवी पायरी: काम चालू असताना पाहणी

गाडी सोडताना सर्व बाजूंनी फोटो काढावेत, किलोमीटरचा आकडा टिपावा आणि आतल्या वस्तू काढून घ्याव्यात. आपल्या डॅशबोर्डवर किंवा टायरवर सिलिकॉनचा चमक देणारा स्प्रे अलीकडे मारलेला असेल तर तेही सांगावे. त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर रंग माशाच्या डोळ्यासारख्या गोल खड्ड्यांनी फाटतो.

पहिली भेट पुट्टी आणि घासणी झाल्यावर, प्रायमरपूर्वी ठेवावी. पुट्टी पातळ थरांत आहे का ते पाहावे. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड पुट्टी म्हणजे पोचा नीट काढलेला नाही. डोळे मिटून तळहात सपाट फिरवला तर डोळ्यांना न दिसणारी लाट हाताला लागते. बोटांनी नव्हे, ठोकळ्याला पेपर लावून घासलेले असावे. स्पोर्ट्‌स कारच्या मागच्या चाकावरचा फुगीर भाग आणि दारावरची धारदार रेषा हीच तिची ओळख असते, आणि घाईने हाताने घासले की ती रेष बोथट होते. ही चूक नंतर कोणत्याही रंगाने सुधारत नाही.

दुसरी भेट प्रायमर घासल्यावर. प्रायमरवर काळी भुकटी किंवा पातळ काळा स्प्रे मारून घासल्यास खोलगट जागी काळे राहते आणि दोष उघडा पडतो. हे केले का ते विचारावे. बेस कोटपूर्वीची घासणी साधारण ५०० ते ८०० नंबरच्या पेपरने झालेली असावी. त्याहून जाड पेपरचे चरे मेटॅलिकखालून काही आठवड्यांनी वर दिसू लागतात.

याच भेटीत रंगाची नमुना पट्टी मागावी. त्याच बंदुकीने, तेवढेच हात मारून आणि वर क्लिअर देऊन तयार केलेली पट्टी गाडीच्या न रंगवलेल्या भागावर ठेवून उन्हात समोरून आणि तिरकस अशी दोन्हींकडून पाहावी. ट्यूबलाइटखाली होकार देऊ नये. समोरून जुळतो पण तिरकस पाहिल्यास काळपट दिसतो, हा मेटॅलिकचा नेहमीचा प्रकार आहे, आणि तो या टप्प्यावर सुधारायला अर्धा दिवस पुरतो.

रंग मारण्याच्या दिवशी जाऊन बूथच्या दारात उभे राहू नये. दार उघडले की धूळ आत जाते आणि कारागिराचे लक्ष विचलित होते. फक्त एवढे आधी ठरवून घ्यावे की दोन हातांमध्ये पुरेसा वेळ सोडला जाईल आणि भाजणी, म्हणजे बूथ तापवून रंग वाळवणे, साधारण ६० अंशांवर अर्धा तास होईल. हे तापमान पत्र्याचे असते, हवेचे नव्हे. जेथे बंपरमागे रडार आहे अशा नव्या गाड्यांत बंपरच्या त्या भागावर पुट्टी भरू नये आणि जादा थर चढवू नयेत. जाड किंवा धातुकणयुक्त रंगाने रडारचे वाचन बिघडू शकते. पार्किंगचे सेन्सरही बंपरमध्ये असतानाच न रंगवता काढून वेगळे, पातळ थरात रंगवावेत.

आठवी पायरी: ताबा घेताना

सकाळच्या उन्हात, धुतलेल्या आणि कोरड्या गाडीचा ताबा घ्यावा. संध्याकाळी सहानंतर कितीही आग्रह झाला तरी घेऊ नये. सर्वप्रथम आपलेच मापनयंत्र फिरवावे. नीट रंगवलेला भाग जुना रंग न उतरवता केला असेल तर २०० ते ३०० च्या घरात येतो. आकडा किती यापेक्षा तो एका भागावर किती समान आहे हे पाहावे. मग दारांच्या कडा, बॉनेटचा पुढचा काठ आणि रेषांचे माथे पाहावेत. पॉलिशच्या यंत्राने क्लिअर जळतो तो याच ठिकाणी. रबरावर, काचेवर, चाकांच्या आत आणि एक्झॉस्टच्या नळीवर उडालेला रंग हाताला खरखरीत लागतो. दारे, बॉनेट, डिकी यांच्या फटी सर्वत्र सारख्या आहेत का, दिवे आणि वायपर चालतात का, पाणी मारल्यावर दिव्यात वाफ धरते का, हे तपासावे.

संत्र्याच्या सालीसारखा बारीक उंचसखलपणा दिसला की नवखा मालक अस्वस्थ होतो. तो थोडासा कारखान्याच्या रंगातही असतो. एकच भाग रंगवला असेल तर शेजारच्या भागाइतकाच पोत असणे हेच योग्य काम आहे. आरशासारखा केलेला एक फेंडर उलट उठून दिसतो. पूर्ण गाडी रंगवली असेल आणि आरशासारखाच परिणाम हवा असेल, तर १५०० पासून ३००० नंबरपर्यंतच्या पेपरने पाण्यात घासून पॉलिश करावे लागते, आणि त्यासाठी सुरुवातीलाच क्लिअरचा एक हात जादा मारलेला असावा लागतो. ही मागणी शेवटच्या दिवशी करणे कारागिरावर अन्याय आहे.

काही दोष त्या दिवशी दिसतच नाहीत. थरात अडकलेले थिनर हळूहळू बाहेर पडते आणि महिन्याभराने चमक उतरते, पुट्टीची कडा बसून नकाशासारखी रेष दिसते. म्हणून महिन्याने पुन्हा तपासणी आणि गरज पडल्यास विनामूल्य पॉलिश हे कलम अंदाजपत्रकात आधीच असावे.

नववी पायरी: पहिले तीन महिने

पहिला आठवडा गाडी धुऊ नये. पक्ष्याची विष्ठा पडली तर मात्र लगेच साध्या पाण्याने भिजवून हलकेच काढावी. त्यानंतर फक्त साधे पाणी, सौम्य शाम्पू आणि मऊ फडके. बोअरचे पाणी वापरत असाल तर ते अंगावर सुकू देऊ नये, क्षारांचे गोल डाग नव्या क्लिअरमध्ये रुततात. मेण, सिरॅमिक कोटिंग आणि पारदर्शक संरक्षक फिल्म यांसाठी साधारण एक ते दोन महिने थांबावे. नेमका काळ क्लिअर बनवणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेला असतो, तो गॅरेजकडून मागून घ्यावा. त्यानंतर मात्र नाकाड, बॉनेटचा पुढचा भाग आणि आरशांना फिल्म लावण्याचा खर्च करावा असे मी सुचवीन, कारण हाच भाग दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा रंगवण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

पूजेच्या वेळी हळद-कुंकवाचे स्वस्तिक थेट नव्या बॉनेटवर काढू नये. हळदीचा डाग चिकट असतो आणि सुके कुंकू पुसताना चरे पडतात. नारळ पुढच्या चाकापाशी वाढवावा, हार मात्र तारेऐवजी दोऱ्याने ओवलेला असावा. रंगपंचमीला रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडतात त्या दिवशी जुन्या नाशकात, पंचवटीत किंवा त्यांच्या आसपासच्या गल्ल्यांत ताजी रंगवलेली गाडी उभी करणे तर कोणालाच सुचू नये, पण दरवर्षी कोणीतरी करतोच.

गॅरेजकडून उरलेला बेस रंग छोट्या बाटलीत, कोड आणि तारीख लिहून मागून घ्यावा. नमुना पट्टी, मधल्या टप्प्यांचे फोटो, साहित्याची नावे असलेले बिल, हमीपत्र आणि दोन्ही वेळच्या जाडीच्या नोंदी एका फाइलमध्ये ठेवाव्यात. पुढे एखादा भाग पुन्हा रंगवावा लागला तर नव्या रंगाऱ्याला ही पट्टी कोडपेक्षा अधिक उपयोगी पडते, आणि गाडी विकायची वेळ आली तर मापनयंत्र घेऊन आलेल्या गिऱ्हाइकासमोर ही फाइल ठेवता येते.